जाणीव वाढली, तरी युद्धं का थांबत नाहीत?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत माणसाची जाणीव वाढत गेली, त्याला स्वतःचं भान आलं, दुसऱ्याचं दुःख कळू लागलं. मग युद्धं का होतात? आपल्यात शिल्लक राहिलेल्या जनावरामुळे? आणि जाणीव आणखी उंचावली तर ती थांबतील का?

दोन्ही शंकांना माझं उत्तर 'नाही' असं आहे. ते का, हे सांगायला जरा वेळ लागेल. युद्ध ज्या मानसिक शक्तींवर उभं राहतं, त्या जनावराकडून आलेल्या कमी आणि माणूसपणाबरोबर आलेल्या जास्त आहेत. दुसऱ्याच्या मनात डोकावणं, उद्याची कल्पना करणं, कधीही न पाहिलेल्या माणसांना 'आपली' म्हणणं, आपल्या माणसांच्या नजरेतून उतरू नये म्हणून जिवाचं रान करणं. भाषा, शेती, दवाखाने, सहकारी संस्था याच शक्तींनी उभ्या केल्या आणि सैन्यंही यांनीच उभी केली.

आधी राग बाजूला काढू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. बांध कोरला म्हणून कुऱ्हाड घेऊन धावणारा माणूस संतापलेला असतो. छाती धडधडते, पुढचं काही सुचत नाही, आणि तासाभराने तोच डोक्याला हात लावून बसतो. ही झाली प्रतिक्रियेची आक्रमकता. दुसरी असते आखलेली, थंड डोक्याची: कुठे, कधी, किती जणांनी, काय घेऊन जायचं हे ठरवून केलेली. मेंदूत या दोन्हींची यंत्रणा बरीचशी वेगळी आहे. रिचर्ड रँगहॅम या मानववंशशास्त्रज्ञाची मांडणी अशी की, चिंपांझीच्या तुलनेत माणूस पहिल्या प्रकारात फार सौम्य आहे आणि दुसऱ्या प्रकारात फार पुढे गेलेला आहे. युद्ध हे दुसऱ्या प्रकारचं काम आहे. त्याला शिधा लागतो, नकाशे लागतात, आगगाड्यांची वेळापत्रकं लागतात, महिनोन्‌महिने कवायत लागते. भडक डोक्याचा माणूस तुकडीत उपयोगाचा नसतो, उलट धोक्याचा असतो. म्हणून 'लोकांना राग आवरायला शिकवलं की युद्धं कमी होतील' ही अपेक्षा चुकीच्या जागी ठेवलेली आहे. राग आवरण्याने घरातली आणि बांधावरची हिंसा कमी होते, आणि तेही फार मोलाचं आहे. पण युद्धाची वाट तिथून जात नाही.

जनावराचा वाटा अगदीच नाही, असं मात्र म्हणता येत नाही. टांझानियातल्या गोंबे इथे १९७४ ते १९७८ या काळात जेन गुडाल यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की, चिंपांझींच्या एकाच कळपातून फुटलेल्या दोन गटांपैकी मोठ्या गटाने छोट्या गटातले नर एकेक करून मारले. युगांडातल्या न्गोगो इथले चिंपांझी सीमेवर रांगेने, आवाज न करता गस्त घालतात. समोरचा एकटा सापडला तरच हल्ला करतात, संख्या बरोबरीची दिसली की मागे फिरतात. दहा वर्षांच्या अशा चढायांनंतर त्यांनी आपला प्रदेश सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. म्हणजे गट करून मारणं माणसाने नव्याने शोधलेलं नाही. पण बोनोबो हा चिंपांझीसारखाच दिसणारा वानर आपल्याला तितकाच जवळचा नातेवाईक आहे. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित नोंदींत चिंपांझींच्या १८ समूहांत स्वजातीयांच्या १५२ हत्या मोजल्या गेल्या, काही पाहिलेल्या, काही पुराव्यावरून धरलेल्या. बोनोबोंच्या ४ समूहांत फक्त एक, आणि तीही संशयित. तेव्हा 'रक्तातच आहे' म्हणायचं, तर कोणाचं रक्त हे आधी सांगावं लागेल.

चिंपांझी स्वतःला फारसा धोका नसेल तरच जीव घेतो, हे इथे नीट लक्षात ठेवा. समोर मशीनगन लावलेली असताना, समोरच्याशी कसलंही वैर नसताना, खंदकातून वर चढून चालू लागणारा प्राणी एकच आहे. त्याला तसं चालायला लावणारी गोष्ट चिंपांझीकडे नाही.

हाडं काय सांगतात तेही पाहू. सुदानमध्ये नाईलच्या काठी जेबेल सहाबा नावाची दफनभूमी आहे, किमान १३,००० वर्षं जुनी. १९६०च्या दशकात तिथे ६१ जणांचे सांगाडे निघाले. बरीच वर्षं ही 'जगातल्या पहिल्या लढाईची' जागा मानली जात होती. २०२१मध्ये आधुनिक सूक्ष्मदर्शकांखाली फेरतपासणी झाली तेव्हा ४१ जणांच्या हाडांवर जखमा सापडल्या. त्यातल्या अनेक जखमा भरून आलेल्या होत्या, काहींच्या अंगावर जुनी भरलेली आणि नवी न भरलेली, अशा दोन्ही. म्हणजे एक मोठी लढाई झाली नव्हती. वर्षानुवर्षं छोटे छोटे हल्ले होत राहिले होते. तो काळ हिमयुग संपतानाचा, नाईलचं पाणी आणि हवामान बेभरवशाचं झालेलं, राहण्याजोगी जागा आकसत चाललेली. आपल्या मानवजातीचे सगळ्यात जुने अवशेष मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे, सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे. त्या लांबलचक काळातून गटागटांच्या लढाईचा स्पष्ट पुरावा मिळतो तो अगदी शेवटच्या टप्प्यात. जुने सांगाडे थोडे असल्याने आधी काहीच घडलं नसेल असा निष्कर्ष काढू नये. पण शंभर हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा मेंदू जवळजवळ आपल्याएवढाच होता. क्षमता जुनी आहे. ती युद्धात कधी उतरते, हे परिस्थिती ठरवते: साठवलेलं धान्य, धरून ठेवण्याजोगी जमीन, पळून जायला जागा नसणं.

आता जाणिवेकडे येऊ. मानसशास्त्रात एक साधी चाचणी आहे, विमर आणि पर्नर यांनी १९८३मध्ये मांडलेली. मुलाला गोष्ट सांगतात: एका पोराने चॉकलेट निळ्या कपाटात ठेवलं आणि तो खेळायला गेला. आईने ते हिरव्या कपाटात हलवलं. पोरगा परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल बहुधा 'हिरव्या' म्हणतं, कारण चॉकलेट तिथे आहे. चार-पाच वर्षांचं मूल 'निळ्या' म्हणतं. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं, चुकीचंसुद्धा, चित्र असू शकतं हे त्याला कळलेलं असतं. शिकवणं, समजूत काढणं, दया करणं आणि खोटं बोलणं, सगळं या एका पायरीवरून पुढे जातं. पण मोठेपणी आपण आणखी दोन पायऱ्या चढतो: 'तो माझ्याबद्दल काय समजत असेल', आणि 'मी त्याच्याबद्दल काय समजतो असं त्याला वाटत असेल'. इथे सापळा आहे. मी हल्ला करीन अशी त्याला भीती असेल, म्हणून तो आधी करेल, म्हणून मीच आधी केलेला बरा. दोघांपैकी कुणालाही युद्ध नको असताना दोघेही त्यात ओढले जातात.

१९१४चा जुलै याच वळणाने गेला. २८ जूनला साराएव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत दिली, २८ जुलैला युद्ध पुकारलं. ३० जुलैला रशियाने संपूर्ण सैन्यजमवाजमवीचा हुकूम काढला. जर्मनीच्या योजनेचं सगळं गणित रशिया तयार होण्याआधी फ्रान्सला लोळवण्यावर बसवलेलं होतं, त्यामुळे रशियाची नुसती जमवाजमव हीच तिथे हल्ल्यासारखी वाचली गेली. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध जाहीर केलं. महत्त्वाकांक्षा होत्या, चुका होत्या, जबाबदारी कुणाची किती यावर इतिहासकार आजही भांडतात. पण शेवटच्या आठवड्यात जवळपास प्रत्येक राजधानी स्वतःला बचाव करणारी समजत होती. आपण केलं तर तयारी, त्यांनी केलं तर डाव!

मृत्यूच्या भानाबद्दल एका परिच्छेदात. आपण मरणार हे माणसाला आधीपासून माहीत असतं, म्हणून तो आपल्या मागे उरणाऱ्या गोष्टींना, वंश, धर्म, राष्ट्र यांना, घट्ट धरतो, आणि मृत्यूची आठवण करून दिली की तो परक्यांबद्दल कठोर होतो, असा एक सिद्धांत गेली तीन-चार दशकं लोकप्रिय आहे. कल्पना मोहक आहे. पण अलीकडे अनेक प्रयोगशाळांनी मिळून मूळ प्रयोग पुन्हा केले तेव्हा अपेक्षित परिणाम दिसला नाही. त्यावर मोठी इमारत बांधू नका.

'आम्ही' होण्याचं मानसशास्त्र मात्र पक्क्या पायावर आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके दाखवले, किती ठिपके आहेत याचा अंदाज विचारला, आणि 'तुम्ही जास्त सांगणारे', 'तुम्ही कमी सांगणारे' असं म्हणून दोन गट केले. वाटणी खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. मग प्रत्येकाने एकेकट्याने, बंद खोलीत, दुसऱ्या दोन मुलांना पैसे वाटायचे होते. स्वतःला त्यातून काही मिळणार नव्हतं. नंतरच्या अशाच प्रयोगातल्या एका तक्त्यात एका टोकाला 'आपल्या गटातल्याला ७, त्यांच्यातल्याला १', मध्ये दोघांना १३-१३, आणि दुसऱ्या टोकाला 'आपल्याला १९, त्यांना २५'. आपल्या गटातल्या मुलाचा फायदा हवा, तर १९ घ्यायला हवेत. पण मुलांचा कल त्या टोकापासून दूर, फरक आपल्या बाजूने राहील अशा आकड्यांकडे झुकला. आपल्याला कमी मिळालं तरी चालेल, त्यांना जास्त मिळता कामा नये.

हा प्रयोग सांगणारे पुढची गोष्ट सांगायची विसरतात. पैशांऐवजी त्रास वाटायला दिला, उदाहरणार्थ कर्कश आवाज कुणाला किती ऐकवायचा, तर हा पक्षपात बराच कमी होतो. नुसती 'आम्ही-ते' अशी विभागणी झाली की माणूस आपल्यांना झुकतं माप देतो, परक्यांना इजा करायला लगेच उठत नाही. पक्षपातापासून इजेपर्यंत जायला मध्ये आणखी काही घडावं लागतं.

ते काय, हे मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांच्या १९५४च्या शिबिरात पायरीपायरीने दिसतं. जागा: अमेरिकेतल्या ओक्लाहोमामधलं रॉबर्स केव्ह हे उद्यान. मुलं: २२, अकराच्या आसपास वयाची, सगळी एकाच धर्मपंथाची, मध्यमवर्गीय, अभ्यासात ठीकठाक, एकमेकांना अनोळखी. मुद्दाम अशी निवडलेली, म्हणजे नंतर 'घरचं वळणच वाईट होतं' असं कुणी म्हणू नये. अकरा-अकराचे दोन गट वेगळ्या बसने आणले. पहिल्या आठवड्यात एकाला दुसऱ्याचा पत्ताच नव्हता. पोहणं, स्वयंपाक, तंबू ठोकणं यातून प्रत्येक गटाचे पुढारी ठरले, ठेवणीतले शब्द ठरले, झेंडे झाले. एका गटाने स्वतःला 'रॅटलर्स' म्हणवलं, दुसऱ्याने 'ईगल्स'.

मग स्पर्धा लावली: बेसबॉल, रस्सीखेच वगैरे. जिंकणाऱ्या गटातल्या प्रत्येकाला पदक आणि खिशातला चाकू, हरणाऱ्यांना काही नाही. बक्षीस एकच आणि ते वाटून घेता येणार नाही, हा या टप्प्याचा खिळा. पहिली हार झाल्यावर ईगल्सनी रॅटलर्सचा झेंडा जाळला. रॅटलर्सनी रात्री त्यांच्या खोलीवर धाड घातली. मोज्यांत दगड भरून ठेवले गेले. समोरचे जवळून गेले की नाक धरणं सुरू झालं. एकदा मैदानावर घेवड्याचे दाणे विखरून प्रत्येकाला गोळा करायला लावले, आणि मग प्रत्येकाने किती गोळा केले याचं चित्र पडद्यावर दाखवलं. दरवेळी दाणे तेवढेच, ३५. तरी आपल्या गड्याचे दाणे मुलांना जास्त दिसले, त्यांच्याचे कमी. डोळ्यांदेखतची मोजदाद बिघडायला दोन आठवडे पुरले.

मग जे केलं गेलं ते शांततेचं काम करणाऱ्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावं. आधी नुसतं एकत्र आणलं: एकत्र जेवण, एकत्र सिनेमा. परिणाम उलटा झाला, जेवताना अन्नाची फेकाफेक आणि शिव्या. एकत्र बसवलं की मनं जुळतात हा समज इथे साफ पडतो. त्यानंतर अशा अडचणी उभ्या केल्या की कुणा एका गटाला त्या सोडवता येऊ नयेत. पाण्याच्या टाकीची वाहिनी बंद पडली, ती तपासायला सगळे लागले. आवडीच्या सिनेमाचं भाडं एका गटाला परवडणारं नव्हतं, दोघांनी वर्गणी काढली. जेवण आणायला जाणारा ट्रक चालू होईना, तेव्हा मुलांनी रस्सीखेचीचाच दोर त्याला बांधला आणि सगळ्यांनी मिळून ओढला. एका कामाने काही झालं नाही. पहिल्या कामानंतर भांडण पुन्हा सुरू झालं, अशी कामं एकामागून एक करत गेल्यावरच ते विरलं. परत जाताना मुलांनी एकच बस मागितली, आणि वाटेत रॅटलर्सनी स्पर्धेत जिंकलेले पाच डॉलर सगळ्यांच्या दूध-पेयावर खर्च केले.

या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आदल्या वर्षी, १९५३मध्ये, न्यू यॉर्क राज्यात असंच शिबिर फसलं होतं. तिथे मुलांची आधी एकत्र ओळख झाली होती, मग गट पाडले. मोठी माणसं मुद्दाम भांडणं लावताहेत असा मुलांना संशय आला, आणि ती एकमेकांवर उलटायला तयार होईनात. मला हे फसणं यशस्वी प्रयोगाइतकंच शिकवतं. आधीची ओळख टिकलेली असेल आणि भांडण कोण लावतंय हे दिसत असेल, तर आग धरत नाही.

मुलांच्या शिबिरात कुणी मेलं नाही. खऱ्या कत्तलीत आणखी एक गोष्ट लागते, आणि ती द्वेष नव्हे, निष्ठा असते. १३ जुलै १९४२ला पोलंडमधल्या युझेफूव्ह गावात हँबुर्गहून आलेल्या १०१ क्रमांकाच्या राखीव पोलीस बटालियनला ज्यूंना मारण्याचा हुकूम मिळाला. मेजर विल्हेल्म ट्राप यांनी, डोळ्यांत पाणी असताना, तुकडीतल्या वयाने मोठ्या पोलिसांना सांगितलं की ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावं. जवळपास ५०० पैकी डझनभर बाजूला झाले. बाजूला झालेल्यांना शिक्षा झाली नाही. त्या दिवशी सुमारे १,५०० माणसं मारली गेली. पुढे चौकशीत अनेकांनी जे सांगितलं त्यात ज्यूंच्या द्वेषापेक्षा दुसरंच जास्त होतं: सोबत्यांवर घाण काम टाकून आपण कसं निसटायचं, लोक भेकड म्हणतील. कळपातून बाहेर पडलेला आदिम माणूस जगत नव्हता. त्या काळात पक्की झालेली ही भीती त्या सकाळी गोळीपेक्षा जवळची ठरली.

मग जाणीव उंचावण्याचं काय? जानेवारी १९४२मध्ये बर्लिनजवळच्या वान्झे इथे ज्यूंच्या सामूहिक हत्येचं नियोजन करायला १५ नाझी अधिकारी बसले, त्यातले ८ डॉक्टरेट मिळवलेले होते. शिक्षणाबद्दल इतकं पुरे. ध्यानधारणेबद्दल आपल्याकडे जास्त आशा असते, म्हणून जपानचं उदाहरण देतो. १९३०-४५ या काळात झेन या बौद्ध ध्यानपरंपरेतल्या अनेक मान्यवर गुरूंनी युद्धाला उघड पाठबळ दिलं. 'अहंकार गळून पडलेला सैनिक' हा चांगला सैनिक ठरतो, असं शिकवलं. सोतो झेन पंथाने १९९२मध्ये याबद्दल जाहीर क्षमायाचना केली. ध्यानाने मन शांत होतं, हे खरंच आहे. पण शांत झालेलं मन कुणाच्या सेवेला लावायचं हे ध्यान ठरवत नाही. स्वतःला विसरून मोठ्या गोष्टीत मिसळून जाणं, ज्याला आपण जाणिवेचा विस्तार म्हणतो, तो 'आम्ही'च्या कुंपणापाशी थांबला तर युद्धाला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

आफ्रिकेतल्या रवांडामध्ये हे सगळे धागे एकत्र दिसतात. हुतू आणि तुत्सी या तिथल्या दोन जमाती एकच भाषा बोलत, एकाच टेकडीवर राहत, आपसात लग्नं करत. बेल्जियन राजवटीने १९३३च्या सुमारास ओळखपत्रांवर जमात छापली, आणि जे काहीसं सैल होतं ते कागदावर कायमचं बसलं. १ ऑक्टोबर १९९०ला तुत्सी निर्वासितांच्या सशस्त्र संघटनेने युगांडातून हल्ला केला आणि यादवी सुरू झाली. जुलै १९९३मध्ये आरटीएलएम हे हुतू कट्टरपंथीयांचं रेडिओ केंद्र सुरू झालं. सुरुवात भाषणांनी केली नाही, चांगली गाणी, विनोद, श्रोत्यांशी गप्पा. लोक ऐकायला लागले. मग मधूनमधून तुत्सींसाठी 'इन्येंझी' हा शब्द येऊ लागला, अर्थ झुरळ. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या बुरुंडीत हुतू राष्ट्राध्यक्षाला तुत्सी सैन्याधिकाऱ्यांनी मारलं. भीतीला आता खरा आधार मिळाला. ६ एप्रिल १९९४ला रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं, आणि काही तासांत रस्त्यारस्त्यांवर नाकी उभी राहिली. नाक्यावर फक्त ओळखपत्र मागायचे. मारण्याला शब्द होता 'गुकोरा', म्हणजे काम करणं, जो सार्वजनिक श्रमदानासाठीही वापरत. सुमारे १०० दिवसांत पाच ते आठ लाख, काही मोजणीनुसार त्याहूनही जास्त, माणसं, बहुतेक तुत्सी, मारली गेली.

स्कॉट स्ट्रॉस या अभ्यासकाने नंतर २१० शिक्षा झालेल्या गुन्हेगारांच्या तुरुंगात मुलाखती घेतल्या. बहुतेकांना शेजारच्या तुत्सींबद्दल आधीपासून द्वेष नव्हता. त्यांनी दोन कारणं पुन्हा पुन्हा सांगितली: 'ते येऊन आपल्याला मारणार' ही भीती, आणि गेलो नाही तर आपलेच लोक आपल्याला शिक्षा करतील ही भीती. हत्येत भाग घेतलेल्यांचा त्याचा अंदाज १.७५ ते २.१० लाख, म्हणजे प्रौढ हुतू पुरुषांत सहा-सात जणांमागे एक. आकडा भयंकर आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी की, पाच-सहा जणांनी भाग घेतला नाही.

बुतारे प्रांत इथे फार महत्त्वाचा आहे. तिथले प्रमुख प्रशासक जां-बाप्तिस्त हाब्यालिमाना यांनी सभा घेतल्या, पोलीस ताब्यात ठेवले, आणि बाकी देश पेटलेला असताना जवळपास दोन आठवडे तो प्रांत बऱ्यापैकी शांत ठेवला. मग त्यांना पदावरून काढलं. १९ एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्षांनी तिथे येऊन लोकांना 'कामाला लागा' असं सुनावलं, आणि कत्तल सुरू झाली. लोक तेच, रेडिओ तोच, इतिहास तोच. बदलला तो 'नाही' म्हणणाऱ्याला मिळणारा आधार.

तेव्हा एखादा समाज कुठवर गेलाय हे पाहायचं असेल तर द्वेष मोजत बसू नका. माणसांसाठी किड्यामुंग्यांचे आणि रोगाचे शब्द रोजच्या बोलण्यात, विनोदातही, येऊ लागलेत का. 'आपण नाही केलं तर ते करतील' हे वाक्य पुरावा न मागता खपतंय का. कोण कुठल्या गटाचा याच्या याद्या होताहेत का. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात वजनाचं: आपल्याच गटातल्या शंका काढणाऱ्याची किंमत वाढत चालली आहे का. परक्यांविरुद्ध हिंसा होण्याआधी बहुतेक वेळा आपल्यातल्या नरम माणसांची तोंडं बंद झालेली असतात. रवांडातही पहिल्याच दिवशी मारल्या गेलेल्यांत पंतप्रधान आगात उविलिंगियिमाना होत्या. त्या हुतू होत्या.

दुसऱ्याच्या मनात डोकावण्याच्या ज्या शक्तीने १९१४मध्ये घात केला तीच १९६२मध्ये, सोव्हिएत रशियाने क्युबात क्षेपणास्त्रं ठेवली तेव्हा, कामी आली. २७ ऑक्टोबरला, क्युबावर अमेरिकेचं टेहळणी विमान पाडलं गेलं त्या दिवशी, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या बैठकीत मॉस्कोतले माजी राजदूत लेवेलिन थॉम्पसन बसले होते. ते सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना जवळून ओळखत. केनेडींना वाटत होतं की वाटाघाटीने क्षेपणास्त्रं निघणार नाहीत. थॉम्पसन यांनी तोंडावर असहमती दाखवली: 'मी क्युबा वाचवला, आक्रमण थांबवलं' असं ख्रुश्चेव्ह यांना आपल्या लोकांना सांगता आलं पाहिजे, एवढी वाट मोकळी ठेवली तर ते माघार घेतील. क्युबावर हल्ला न करण्याचं आश्वासन दिलं गेलं, तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढण्याचं गुपचूप ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी माघार जाहीर झाली. यात प्रेम नव्हतं, विश्वासही फारसा नव्हता. समोरच्याच्या जागी बसून पाहणं होतं, आणि त्याला तोंड दाखवायला जागा ठेवणं होतं. पुढच्या वर्षी दोन्ही राजधान्यांत थेट संपर्काची यंत्रणा बसली. तीही बोलण्याची नव्हती, छापील संदेशांची होती, म्हणजे घाईत, आवाजाच्या चढउतारावरून, गैरसमज होऊ नये.

सामान्य लोकांच्या पातळीवर काय चालतं, याचेही चांगले प्रयोग आता आहेत. इराकमध्ये आयसिसच्या अत्याचारानंतर विस्थापित ख्रिश्चन तरुणांच्या हौशी फुटबॉल संघांत चिठ्ठ्या टाकून काही ठिकाणी मुस्लिम खेळाडू घातले गेले. सलमा मूसा यांचा हा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्र संघातले खेळाडू पुढेही मुस्लिमांबरोबर सराव करत राहिले, पुढच्या हंगामात मिश्र संघात नाव घालायला तयार झाले, दुसऱ्या संघातल्या मुस्लिम खेळाडूला खिलाडूपणाचं मत देऊ लागले. पण मैदानाबाहेर, मोसूलमधल्या मुस्लिम परिसरातल्या उपाहारगृहात जाण्याइतका हा बदल पसरला नाही. एका संघातली मैत्री आपोआप समाजभर जात नाही. तिला दर ठिकाणी पुन्हा नवं काम, बरोबरीचा दर्जा आणि वरच्यांचा पाठिंबा लागतो. यातलं बरोबरीच्या दर्जाचं कलम सगळ्यात जास्त मोडलं जातं: एका बाजूने यजमान व्हायचं आणि दुसरीने कायम पाहुणे.

शेवटी पुन्हा रवांडा, आणि पुन्हा रेडिओ. २००४मध्ये तिथे 'मुसेकेवेया' नावाची नभोनाट्य मालिका सुरू झाली. जमिनीच्या टंचाईवरून भांडणारी दोन गावं, वाकडं शिकवणारा पुढारी, त्याला न जुमानणारे तरुण. एलिझाबेथ पालुक यांनी वर्षभर काही गावांतल्या गटांना ती ऐकवली, आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटांना आरोग्यावरची मालिका. वर्षाच्या शेवटी लोकांच्या मनातल्या समजुती फारशा हलल्या नव्हत्या. हललं होतं ते 'आमच्यात काय चालतं' याचं भान: आपल्या समाजात वेगळं मत मांडलं तर चालतं, दुसऱ्या जमातीत लग्न केलं तर चालतं. अभ्यास संपताना प्रत्येक गटाला एक कॅसेट वाजवणारा रेडिओ आणि मालिकेच्या कॅसेट भेट दिल्या, सगळ्यांसाठी मिळून एकच संच, आणि तो कुणी सांभाळायचा हे त्यांच्यावर सोडलं. आरोग्याची मालिका ऐकलेल्या गटांत बहुतेक वेळा कुणीतरी म्हणालं, गावच्या अधिकाऱ्याकडे देऊ, आणि बाकीच्यांनी मान डोलावली. 'मुसेकेवेया' ऐकलेल्या गटांत कुणी अधिकाऱ्याचं नाव घेतलं की दुसरं कुणी उठून म्हणायचं, का म्हणून, आपण आपल्यात सांभाळू की. मग त्यावर बराच वेळ बोलणं चालायचं.